तीनच्या ठोक्याला

वहिनी,

फोनवर बोलताना मागं माय असते, दादा असतो, गिरणीत दळण टाकायची तुमची घाई असते. म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांतच बोलले होते. माय रात्री घरात पडलेली, तिचा हात प्लास्टरमध्ये, ओसरीवर शेजारणी बसलेल्या, फोन स्पीकरवर. आणि मी पुण्यातून विचारलं, ‘तुमचं लक्ष कुठं होतं?’ तुम्ही एवढंच म्हणालात, ‘मलाबी झोप लागती, वन्सं.’

चार वर्षं तुम्ही रात्रीची सलग झोप घेतलेली नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

माय पडली त्या फरशा कुणी बसवल्या होत्या, वहिनी? मी. शहाबादी उखडून पांढऱ्या, तोंड दिसेल अशा चकचकीत. मायला शिरूरमधलं चांगलं घर द्यायचं होतं ना! ती मोरीकडं जाताना मधेच थबकायची, लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून धरायची, पाय चाचपत टाकायची. आम्ही म्हणायचो, म्हातारचळ. तुम्ही एकदा तिच्याकडं बघत राहिलात आणि म्हणालात, ‘आत्याबाई सिंदफणेचं पाणी ओलांडतायत.’

डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. स्मृतिभ्रंशाच्या या आजारात डोळे धड असले तरी खोली, उंची, अंतर यांचा मेंदूला अंदाज येत नाही. चकाकणारी फरशी पाणी वाटते, काळं पायपुसणं खड्डा वाटतं. त्या पायपुसण्याला वळसा घालतानाच तर तिचा तोल गेला होता. आणि आम्ही तिला ‘नीट बघून चाल’ म्हणत होतो. ती बघूनच चालत होती हो.

आता एक बोलू? रागावू नका. तिचा पाय तुम्ही रात्री जुन्या साडीच्या पट्टीनं बाजेला बांधत होतात, हे दादानं मला सांगितलं. मला फार लागलं ते. तुमचा नाइलाज मला कळतो. दिवसभर शेत, स्वयंपाक, पोरं आणि रात्री हे. पण बांधलेलं माणूस सुटायला धडपडतं आणि जास्त वाईट पडतं. झोपेच्या गोळीचंही तसंच. मला आधी वाटलं होतं, गोळी मागून घेतली की सुटलो. पण गोळीच्या गुंगीत ती उठायची ती उठायचीच, फक्त पाय आणखी लटपटायचे. डॉक्टरांना विचारून ती बंद केली, बरं झालं.

ती उठणारच, वहिनी. तीनच्या ठोक्याला का उठते, ते तुमच्या आधी आम्हाला कळायला हवं होतं. दादानं आणि मी कोपीत तिच्या कुशीत झोपून काढलेत ते ऊसतोडीचे हंगाम. दिवाळी झाली की पश्चिम महाराष्ट्रातला कुठला तरी कारखाना, मुकादमाची उचल, बैलगाडीत भांडीकुंडी. पहाटे तीनला उठून ती तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची, आणि उजाडायच्या आत कोयता घेऊन फडात. पोरांची नावं विसरली, पण ती हाक तिच्या अंगातून जात नाही. ‘गाडी भरायचीय’ म्हणते ना अजून?

मग तिला अडवायचं कशाला? तिची वाट मोकळी करायची. हे मला उशिरा सुचलं; तुम्ही तर करायला लागलाही होतात. उंबरा काढायचा नाही म्हणून त्यावर जाड पिवळा पट्टा ओढलात, आता तो तिला दिसतो. माझ्या चकचकीत फरशा बाजेपासून मोरीपर्यंत काढून पुन्हा खरबरीत शहाबादी घातली. झोळ पडलेल्या बाजेऐवजी गुडघ्याएवढ्या उंचीचा दिवाण. हललं की लागणारा बॅटरीचा दिवा, लाइट गेली तरी चालणारा. मी आणलेला तो लांब गाऊन तुम्ही गुपचूप पेटीत टाकलात आणि तिला पुन्हा नऊवारी नेसवलंत. कासोट्यात तिचे पाय मोकळे राहतात. यातलं एकही मला सुचलेलं नाही. राज्य सरकारच्या वयोश्री योजनेचे ३,००० रुपये आले त्यातून कमोडखुर्ची झाली, एवढा एक कागद मी भरला.

दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. उठल्या उठल्या तिला चालू देऊ नका, दोन मिनिटं काठावर पाय सोडून बसू द्या. एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो नि डोळ्यापुढं अंधारी येते. आणि एखाद्या दिवशी अचानक फारच बरळायला लागली, तर आजार वाढला म्हणून सोडून देऊ नका. लघवीला जळजळ होतेय का, ताप आहे का बघा, दवाखान्यात न्या.

२०२३ साली एका मोठ्या पाहणीचा अंदाज आला. देशात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त माणसांना स्मृतिभ्रंश, म्हणजे सुमारे ८८ लाख. आणि ही माणसं त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा जवळपास दुप्पट पडतात. वाचलं नि आपला तालुकाच डोळ्यांसमोर आला. हंगाम लागला की किती वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि नातवंडं तेवढी मागं राहतात! तिथं तीनला कुणी उठलं, अंधारात पडलं, तर हाक कुणाला मारायची? मायला तुम्ही आहात. हे मी कधी तोंडानं म्हटलं नाही तुम्हाला.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस मी येतेय. रजा टाकलीय. तुम्ही माहेरी जा, दादा सोडून येईल. पोरांचं, स्वयंपाकाचं मी बघेन, आणि तुमच्या जागी, मायच्या दिवाणाखाली मीच अंथरूण टाकेन. दिव्याच्या बॅटऱ्या कुठं ठेवता ते सांगून ठेवा. चपलेचा मागचा पट्टा तिच्या कुठल्या पायाला रुततो, तेही.

आणि ती तीनला उठून ‘गाडी आली का?’ विचारते, तेव्हा तुम्ही तिला काय सांगता? दादा म्हणत होता, तुम्ही म्हणता, ‘आज उशिरा भरायचीय आत्याबाई, घोटभर चा घेऊ,’ आणि ती हात धरून मुकाट बसते. मीही तेच म्हणू? की माझा आवाज तिला ओळखू येणार नाही?

तुमची,
वन्सं