साडेपाचनंतर काय करायचं?

आधी कबुली. आम्ही अंदमानला प्रेमाने वगैरे गेलो नव्हतो. माझ्या अकरा रजा लॅप्स होणार होत्या आणि त्याच्या सात. दोघांच्या कॅलेंडरमध्ये एकच सामायिक आठवडा सापडला, २०१९च्या फेब्रुवारीतला पहिला. बजेटमध्ये थायलंड बसत होतं, पण पासपोर्ट रिन्यू करायचा राहिला होता. (नवऱ्याचा. नाव लिहायची परवानगी मिळालेली नाही, त्यामुळे या लेखात तो फक्त नवरा.) म्हणून मग हॅवलॉक.

लग्नाला चार वर्षं झाली होती. घोडबंदर रोडला वन बीएचके, वीस वर्षांचं लोन, एक सेकंड हँड वॅगन-आर. तो ऐरोलीला, अमेरिकन क्लायंट, कायमची नाइट शिफ्ट. मी लोअर परळला, डे शिफ्ट. तो घरी यायचा तेव्हा मी निघायचे आणि मी यायचे तेव्हा तो. संसार फ्रीजवर चालायचा. मॅग्नेटखाली चिठ्ठी: 'गॅस नंबर लावला. मेन्टेनन्स भर. दही संपलंय.' मैत्रिणी म्हणायच्या, किती लकी आहात, भांडणंच होत नाहीत तुमची! आता भांडायला तरी समोरासमोर यावं लागतं ना.

तर हॅवलॉक. पोर्ट ब्लेअरहून बोटीने ईशान्येला, चाळीसेक किलोमीटरवर. आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधी, ३० डिसेंबर २०१८ला, त्याचं नाव बदलून स्वराज द्वीप झालं होतं. तिकिटावर एक नाव, बोलण्यात दुसरं. (पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजय पुरम झालंय, पण माझ्या बोर्डिंग पासवर जे छापलं होतं तेच लिहिते.) पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलमध्ये नेहमीप्रमाणे अर्धं पुणं भेटलं. सावरकरांच्या कोठडीबाहेर रांग, रांगेत सगळं मराठी. एका काकूंनी मला तिथेच विचारलं, "मूलबाळ?" तिथून पळालो ते थेट जेटीवर.

रिसॉर्ट म्हणजे विजयनगरच्या किनाऱ्यावर, पाच नंबर बीचला, नारळी-पोफळीत लपलेल्या दहा-बारा झोपड्या. इथल्या बीचना नंबर आहेत आणि गावांना नावं आहेत ती गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. एकोणीसशे पन्नासच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं, त्यांनी सोबत आणलेली ही नावं. पलीकडे कोणाची झोपडी आहे हे झाडीमुळे कळतही नव्हतं. एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, "सी-फेसिंग आहे मॅडम, पायरी उतरलात की पाणी."

दुपारी चारला बॅगा टाकल्या, पायरी उतरलो, आणि समुद्र नव्हता.

खरंच नव्हता. लांबवर एक निळी रेघ. मधे सगळं मेलेलं पोवळं, चिखल, डबकी, एका बाजूला कलंडलेली होडी. मी मॅनेजरदादांना शोधून काढलं. ते शांतपणे म्हणाले, "पानी गया है मॅडम. रात को आएगा." जणू ऑफिसला गेलाय.

नवरा मात्र खूश. तो मूळचा देवगडकडचा. आजोबांकडून शिकलेलं गणित त्याने लगेच काढलं: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. सोमवारी अमावास्या, म्हणजे पंधरा पाऊणे सव्वाअकरा. उधाणाची भरती! सव्वाअकराला समुद्र तुझ्या पायरीशी आणून देतो, म्हणाला. सोमवारी आम्ही टॉवेल घेऊन बरोबर सव्वाअकराला उतरलो. पाणी केव्हाच परत निघालं होतं. आजोबांचं गणित देवगडचं. अंदमानच्या समुद्राला ते कोणी कळवलं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यावर पोट धरून हसले. तोही हसला, पण जरा उशिरा.

भरती-ओहोटीपेक्षा मोठा धक्का वेगळाच होता. सूर्य! अंदमान खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच, म्हणजे मुंबईचं. त्यामुळे पहाटे पावणेसहाला चक्क ऊन पडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. सहाला काळोख. मिट्ट. आपल्याकडे सहा म्हणजे कोणीतरी 'क्विक कॉल' लावायची वेळ. इथे सहाला रात्र, आणि जेवण आठला.

आता हे दोन-अडीच तास काय करायचं, सांगा.

टीव्ही नाही. नेट जवळपास नाहीच. चेन्नईहून समुद्राखालून केबल आली ती ऑगस्ट २०२०मध्ये, त्याआधी बेटांचं सगळं इंटरनेट सॅटेलाइटवर. माझ्या फोनवर एक कांडी यायची, मेसेज उघडेपर्यंत जायची. दिवे मध्येच जायचे. ब्रोशरमध्ये याला 'डिजिटल डिटॉक्स' म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे घेतात.

पहिल्या संध्याकाळी आम्ही व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांवर बसलो. मी म्हणाले, "छान आहे ना." तो म्हणाला, "हो, छान आहे." मग मी म्हणाले, "गॅसचा नंबर लावलास का निघताना?" तो म्हणाला, "लावला." सहा वाजून दहा मिनिटं. हनिमून कपलसाठी सजवलेल्या पलीकडच्या झोपडीतून हसण्याचा आवाज येत होता. मी डासांचं क्रीम लावलं. मग परत लावलं.

दुसऱ्या दिवशी राधानगरला गेलो. 'टाइम'ने २००४मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं ते हेच, आणि त्यात काही अतिशयोक्ती नाही. मागे प्रचंड झाडांचं जंगल, पुढे पिठासारखी पांढरी वाळू, आणि हा किनारा पश्चिमेचा असल्यामुळे सूर्यास्त समोर. पाच-सव्वापाचला शेकडो माणसं एका दिशेला तोंड करून गप्प उभी. मग सूर्य बुडाला, गार्डनी शिट्ट्या मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं, आणि रिक्षाच्या हेडलाइटमध्ये आम्ही परत आमच्या व्हरांड्यात. पुन्हा सहा.

त्या रात्री आम्ही पत्ते मागवले. दोन माणसांत रमी फार लवकर संपते.

मधल्या एका सकाळी स्कूबाही केलं. पाण्याखाली सगळं खुणांनी बोलायचं. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे 'वर न्या'. हे ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगितलं होतं. नवऱ्याने पोपटी रंगाचा मासा बघितला, खूश होऊन अंगठा दाखवला, आणि इन्स्ट्रक्टरने त्याला सरळ वर नेलं. मी खालून त्याचे वर जाणारे पाय बघत होते. त्याला 'मस्त' म्हणायचं होतं, समोरच्याला 'वाचवा' ऐकू आलं. तेव्हा मला फक्त हसू आलं.

आणि मग सोमवारची, म्हणजे अमावास्येची संध्याकाळ. दिवे गेलेले. आकाशात मृग नक्षत्र इतकं ठळक की आधी मला ड्रोन वाटला. काळोखात समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हे फार बरं असतं. बहुतेक त्यामुळेच मी विचारलं.

"सकाळी खाली गाडीत किती वेळ बसतोस?"

उत्तर नाही. लांबून पाण्याचा आवाज यायला लागला होता.

"तुला माहितीये?"

"किचनच्या खिडकीतून दिसते गाडी. आत मोबाइलचा उजेड दिसतो."

"कधीपासून माहितीये?"

"गणपतीपासून."

त्याने मनात महिने मोजले असणार. मीही मोजलेच होते. पाच. रोज साडेसहाला गाडी पार्किंगमध्ये लागायची आणि तो वर यायचा सव्वासातनंतर, मी निघाल्यावर. कधी कधी लिफ्टपाशी भेटायचो. तो म्हणायचा, ट्रॅफिक होतं. पहाटे साडेसहाला, ऐरोली ते घोडबंदर. मी म्हणायचे, हो का, बाय.

"मी काही तू जायची वाट बघत नसतो," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "म्हणजे बघतो. वर आलो की तू विचारणार, कसा गेला दिवस. माझा दिवस नसतोच ना गं. रात्रभर माणसं माझ्यावर ओरडलेली असतात. मग तू मेन्टेनन्सचं विचारणार, मी विसरलेलो असणार, तू काही बोलणार नाहीस, नुसतं कपाट जोरात लावणार. ते कपाट ऐकायला वर यावंसं वाटत नाही."

"मग सांगायचं ना."

"तू विचारायचं ना. पाच महिने खिडकीतून बघत होतीस."

हे मला लागलं, कारण खरं होतं. आणि त्याला माहीत नसलेलं अजून एक खरं होतं, ते मी सांगितलं. दिवाळीनंतर मी दहा मिनिटं लवकर निघायला लागले होते आणि मागच्या गेटने जात होते. मागच्या गेटने रिक्षा मिळत नाही, चालावं लागतं. पण पार्किंगवरून जावं लागत नाही. गाडीच्या काचेवर टकटक केली असती तर काय झालं असतं, याची मला भीती वाटत होती. तो म्हणाला असता, 'जा ना, तुझी गाडी चुकेल.' किंवा काहीच म्हणाला नसता.

मग आम्ही भांडलो. व्यवस्थित, आवाज चढवून, चार वर्षांचं. यात त्याची आई आली, माझा पगार आला (त्याच्यापेक्षा जास्त आहे, आणि ते आम्ही कधीच मोठ्याने बोललो नव्हतो), डॉक्टरकडे जायचं पुढे ढकललेलं आलं. सेल्युलर जेलमधल्या काकूसुद्धा आल्या. पलीकडचं हनिमून कपल एव्हाना चिडीचूप. मॅनेजरदादा जेवायला बोलवायला कंदील घेऊन आले, ऐकलं, आणि न बोलता परत गेले. मी रडले. तो रडला की नाही, दिसत नव्हतं.

दहाच्या सुमाराला तो एकदम म्हणाला, "अगं, चपला!"

पाणी आलं होतं. सकाळी हुकलेलं उधाण न बोलावता थेट पायरीशी येऊन ठेपलं होतं आणि खालच्या पायरीवरच्या आमच्या चार चपलांमधल्या तीन नव्हत्या. मोबाइलचा टॉर्च लावून दोघं पाण्यात उतरलो. गुडघाभर पाणी, कोमट. टॉर्च ओला होऊन बंद पडला आणि मग दिसलं, पाय हलवला की पायाभोवती निळसर ठिणग्या. अंदमानच्या अमावास्येच्या रात्री हे दिसतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की चमकतात. एजंटने याचा एका शब्दानेही उल्लेख केला नव्हता. आम्ही चपला शोधत होतो, त्यामुळे प्रत्येक हालचालीला उजेड. दोन मिळाल्या. त्याची डावी गेलीच.

जेवण झाकून ठेवलेलं होतं. थंड भात, माशाचं कालवण. दोघांनी सगळं संपवलं.

उरलेला दीड दिवस चांगला गेला असं लिहायला हवं, पण तो जरा अवघडच गेला. इतकं बोलून झाल्यावर माणूस एकमेकांशी फार नम्र वागतो. 'तू आधी जा बाथरूमला.' 'नाही नाही, तू जा.' त्याने जेटीजवळच्या दुकानातून जाडजूड रबरी सँडल घेतल्या, त्या अजून वापरतो. मी वाळूतून एक सुंदर शंख उचलला होता, तो परत ठेवला. इथून शिंपले-पोवळी न्यायला बंदी आहे आणि एअरपोर्टवर बॅगा तपासतात. कोणाला जायचं असेल तर सांगते: भारतीयांना वेगळा परमिट लागत नाही, कॅश जवळ ठेवा, आणि बुकिंगआधी हॉटेलवाल्याला 'सी-फेसिंग का' हे विचारू नका, 'चार वाजता समुद्र कुठे असतो' हे विचारा. पूर्वेच्या किनाऱ्यांवर पोहायचं असेल तर भरतीलाच.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर दोघांचे फोन एकदम जिवंत झाले. माझे एकशे चार मेसेज, त्याच्या टीमचे तीन मिस्ड कॉल. त्याने फोन बघितला आणि खिशात ठेवला. ठाण्याला येईपर्यंत पुन्हा काढला नाही असं म्हणणार नाही, चेन्नईला काढलाच.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला गाडी पार्किंगमध्ये लागली. मी किचनमध्ये डबा भरत होते. आतला उजेड दिसला. मी डबा बंद केला, पर्स घेतली आणि पुढच्या लिफ्टने खाली गेले. टकटक केली नाही, डावीकडचं दार उघडून सरळ बसले. त्याने मोबाइल उपडा ठेवला. रेडिओवर जाहिरात चालू होती, ती त्याने बंद केली. वीस मिनिटं आम्ही तिथे बसून होतो, समोर सोसायटीची भिंत आणि तिच्यावर 'येथे कचरा टाकू नये'.

"नेहमीची ट्रेन गेली तुझी," तो म्हणाला.

"माहितीये," मी म्हणाले. "मेन्टेनन्स भरलास?"

"नाही."

"बरं," मी म्हणाले, आणि दार हळूच लावलं.