पोरांची स्पर्धा आणि निकालाचा कागद

पोस्ट जरा मोठी आहे. ज्यांच्या घरात नाचणारं पोरगं किंवा पोरगी आहे आणि जे दरवर्षी मंडळाला वर्गणी देतात, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गणपती-नवरात्र आलं की आपल्याकडं 'भव्य नृत्य स्पर्धां'चे फ्लेक्स लागतात. यंदा दोन-तीन मंडळं 'हिपहॉप' असा वेगळा गट ठेवणार, असं कानावर आलंय. चांगली गोष्ट आहे. पण नाव हिपहॉपचं आणि कारभार नेहमीचाच असं व्हायला नको, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडा इतिहास. ११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कचा ब्राँक्स हा गरीब भाग. तिथं १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं शाळेचे नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो, त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. लोक नेमके त्याच तुकड्यावर पेटून नाचतात हे हर्कच्या लक्षात आलेलं. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड लावून तो ब्रेक लांबवत न्यायचा. त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. म्हणजे ही कला निघाली ती वर्गणी काढून केलेल्या घरगुती कार्यक्रमातून. आपल्याला काही परकी नाही.

आता स्पर्धेकडं येतो. १९९० साली जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात थॉमस हेर्गेनरोथर यांनी 'बॅटल ऑफ द इयर' सुरू केली. सुरुवात छोटी होती. पुढं देशोदेशी पात्रता फेऱ्या सुरू झाल्या आणि हा वार्षिक महोत्सव ब्रेकिंगमधला मोठा मान झाला. बरीच वर्षं पद्धत अशी होती: आधी प्रत्येक क्रूनं आपला बसवलेला शो करायचा, परीक्षक त्याला गुण देणार. एकसारखेपणा, विषय, रचना, पायांचं काम, अंगावर फिरण्याचे अवघड प्रकार, सगळं त्यात आलं. वरचे चार क्रू मग समोरासमोर बॅटलला. तिथं आधी बसवलेलं फारसं कामाला येत नाही. समोरच्यानं काय केलं ते बघून तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडचा सवाल-जवाब आठवा, जवळपास तसंच.

या स्पर्धेतली २००५ ची गोष्ट मला फार जवळची वाटते. त्या वर्षी जिंकला दक्षिण कोरियाचा 'लास्ट फॉर वन' हा क्रू. ही पोरं राजधानी सोलची नाहीत, जॉन्जू शहराची. घरची परिस्थिती बेताची, आणि वर सक्तीच्या लष्करी सेवेची टांगती तलवार. 'प्लॅनेट बी-बॉय' या २००७ च्या माहितीपटात त्यांचा हा प्रवास आहे. आधी २००२ ला 'एक्स्प्रेशन' आणि २००४ ला 'गॅम्बलर्झ' या कोरियन क्रूंनीच बाजी मारली होती. मग कोरियाला जाग आली. तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेच्या पाठबळावर २००७ पासून 'आर-सिक्स्टीन' नावाची जागतिक ब्रेकिंग स्पर्धा कोरियातच भरायला लागली. ज्या पोरांना लोक वाया गेलेली समजत होते, त्यांच्या नावानं देश पाहुणे बोलवायला लागला.

आपल्याकडं गुण नाहीत असं कुणी म्हणू नये. वसई-नालासोपाऱ्याच्या पोरांनी सुरेश मुकुंद यांच्याबरोबर २०१५ ला अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये जागतिक हिपहॉप नृत्य स्पर्धेत कांस्य मिळवलं. २०१९ ला 'द किंग्ज' नावानं तिथल्या 'वर्ल्ड ऑफ डान्स' या टीव्ही स्पर्धेत पहिलं बक्षीस घेतलं, दहा लाख डॉलर. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'रेड बुल बीसी वन' या वार्षिक ब्रेकिंग स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी मुंबईत झाली. आपल्या बाजार समितीच्या शेडमध्ये संध्याकाळी फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून डोक्यावर फिरणारी पोरं हे सगळं मोबाईलवर बघत असतात. त्यांना सगळं ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते संयोजकांना.

मागच्या वर्षी बातमीसाठी एका स्पर्धेला शेवटपर्यंत बसलो होतो. कुठली ते सांगत नाही, सगळीकडं थोड्याफार फरकानं तेच चालतं. कार्यक्रम सातचा, सुरू झाला साडेनवाला. मध्ये चार वेळा सत्कार. परीक्षकांत नाचाशी संबंध असलेला एकही माणूस नाही. निकाल लागला रात्री एकच्या पुढं, तोही पाहुण्यांच्या हातातल्या चिठ्ठीवरून. पहिलं बक्षीस मुख्य प्रायोजकाच्या वॉर्डातल्या ग्रुपला. आता तो ग्रुप खरंच चांगला असेलही. पण ते ठरवलं कुणी, कशावरून? मी गुणांचे कागद मागितले तर संयोजक म्हणाले, "अहो पत्रकारसाहेब, लहान पोरांच्या कार्यक्रमात कशाला राजकारण आणताय?"

गॅरेजवर काम करणारा एक पोरगा त्या रात्री मला म्हणाला, "काका, हरल्याचं काही नाय. कुठं कमी पडलो तेवढं तरी सांगायचं ना." तो आता शेडमध्ये येत नाही.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ ला ब्रेकिंग होतं. ऑस्ट्रेलियाच्या रेगन या बी-गर्लचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला, हसलो. पण एक बघा. त्या तिन्ही बॅटल हरल्या आणि परीक्षकांचं एकही मत त्यांना पडलं नाही, हे साऱ्या जगाला लगेच कळलं. नऊ परीक्षक, पाच निकष, प्रत्येक फेरीचं मत उघड. साध्या गल्लीतल्या बॅटललासुद्धा परीक्षक तिथंच हात करून जिंकणारी बाजू दाखवतात. सगळ्यांच्या देखत. चुकीचा हात केला तर समोरचे पाचशे लोक ओरडतात. हरलेला गळाभेट घेतो आणि पुढच्या वर्षीच्या तयारीला लागतो, कारण निकाल कसा लागला हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं असतं. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंग नाही. तरी या वार्षिक स्पर्धा चालूच राहतील, कारण पोरांचा त्यांच्यावर विश्वास बसलाय.

आपल्या गावात हे करायला फार पैसा लागत नाही. सर्व मंडळांना आणि नगरपरिषदेला जाहीर विनंती करतो:

एक, परीक्षक नाच कळणारे आणा. तालुक्यात नसतील तर जिल्ह्यातून बोलवा. एका सत्काराच्या खर्चात त्यांचं मानधन निघेल.

दोन, बॅटलचा निकाल जागेवर हात दाखवून द्या. शोचे गुण दुसऱ्या दिवशी मंडपाच्या फलकावर लावा.

तीन, दुपारी चारला सुरू करा, आठला संपवा. रात्री एकपर्यंत घरचे मुलींना थांबू देत नाहीत. मग म्हणायचं, मुली भागच घेत नाहीत.

चार, तारीख पक्की ठेवा. पोरांना वर्षभर त्या तारखेसाठी मेहनत करता आली पाहिजे.

पाच, नगरपरिषदेचं सभागृह बहुतेक संध्याकाळी बंदच असतं. आठवड्यातून तीन दिवस दोन तास उघडा. शेडच्या कोब्यावर डोकं आपटून कुणाला काही झालं तर जबाबदार कोण?

यंदा जिथं जिथं स्पर्धा होईल तिथं मी जाणार आहे आणि गुणांचे कागद मागणार आहे. जे मंडळ दाखवेल त्याची बातमी फोटोसकट करीन. जे दाखवणार नाही त्याचीही करीन. तुम्हीही वर्गणीची पावती फाडताना एवढंच विचारा: निकाल कसा लावणार?