चौघं आणि चार

अंक म्हणता येणे म्हणजेच मोजता येणे, असा माझाही समज होता. माझी चार वर्षांची नात वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणे. एकदा तिच्याकडे पाच चिंचोके मागितले. तिने मूठभर दिले. मी रागावलो. ती गप्प झाली, आणि दोन दिवस चिंचोक्यांच्या डब्याकडे फिरकली नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी, "आपण चौघं, आजोबा," म्हणत तिने प्रत्येकापुढे एकेक ताट मांडले आणि वर सांगितले, "ताटं चार." माणसे 'चौघं', वस्तू 'चार', हा भेद तिला कोणी शिकवला नव्हता. दोघे-दोघी, तिघे-तिघी, चौघे-चौघी ही रूपे मराठीने माणसांसाठी राखून ठेवली आहेत. पुढे 'पाच जण' म्हणावे लागते. वर्षानुवर्षे मी हे वर्गात शिकवत आलो, आणि घरात मात्र ऐकले नव्हते! माणसागणिक ताट ही एकास-एक संगतीही तिला साधली होती.

आपल्या घरी बालवाडीतले मूल असेल, तर अंक म्हणवून घेण्याआधी त्याला ताटे मांडू द्यावीत.

संध्याकाळी मी डबा पुढे केला. अखंड चिंचोके एकीकडे, फुटके दुसरीकडे, असे ती लावत बसली. मी पाच मागितले नाहीत.