हवे होते

आपल्याकडे ‘कृपया’ हा शब्द पाट्यांवर राहतो. ‘कृपया येथे थुंकू नये’, ‘कृपया उधार मागू नये’. तोंडात तो सहसा कुणी घेत नाही. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडजवळ ‘कृपया मला एक चहा द्यावा’ असे कुणी म्हटले, तर हॉटेलातला पोऱ्या आधी गिऱ्हाइकाकडे पाहील आणि मग गल्ल्यावरच्या शेटकडे! म्हणून काही आम्ही महाड-पोलादपूरचे लोक उर्मट ठरत नाही. ‘मामा, जरा आमटी वाढा,’ यातला ‘मामा’ आणि ‘जरा’ काढून पाहा. मागे नुसता हुकूम उरेल. आमची अदब आहे ती त्या दोन शब्दांत.

हे सारे सुचले ते साठी उलटल्यावर इटालियन शिकताना. मुलगी नोकरीनिमित्त मिलानला असते. तिच्याकडे जायचे ठरले. सौभाग्यवती माळकरी. ‘मासमच्छी नाही ना, एवढं विचारायला शिका, बाकीचं मी बघते,’ असे त्यांनी बजावले आणि मी पुस्तक घेऊन बसलो.

‘चे कार्ने?’ म्हणजे ‘मांस आहे का?’ वाटले, झाले काम! पण तिथे नुसत्या भाज्यांच्या सुपातही मांसाचे ‘ब्रोदो’, म्हणजे उकळून काढलेले पाणी, असू शकते. अस्सल पार्मिजानो चीज करताना दूध गोठवतात तेच मुळी वासराच्या जठरातल्या रसाने. म्हणजे प्रश्नामागून प्रश्न आले. आणि ते विचारायचे आचाऱ्याचा अपमान न करता! ‘यात काय घातलंय?’ हे आपल्याकडेही हसून म्हटले तर कौतुक, कपाळाला आठ्या घालून म्हटले तर भांडण.

इटालियन अदबीची मोठी गंमत आहे. परक्याला आदराने म्हणायचे ‘लेई’. आता ‘लेई’चा दुसरा अर्थ ‘ती’. म्हणजे झुपकेदार मिशांच्या वाढप्यालासुद्धा ‘ती’च! दुसरा शब्द ‘वोलेवो’. ‘मला पाहिजे’ असे न म्हणता ‘मला हवे होते’ म्हणायचे. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून हसलो. महाडच्या बाजारात वाण्यासमोर उभी राहून बाई म्हणते, ‘पाव किलो खोबरं हवं होतं.’ हवे असते आत्ताच. पण गरज कालची करून सांगितली, की समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा राहते. सातासमुद्रापलीकडच्या माणसांनाही हीच युक्ती सुचावी!

माझा पहिला इटालियन शब्द मात्र पुस्तकातला नव्हे. आजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिथेच १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावी त्यांचे स्मारक झाले. आजोबा लढाईविषयी बोलत नसत. जेवायला बसले, की कधीतरी म्हणत, ‘मांजारे!’ आम्ही पोरे पाटाखाली मांजर शोधत असू.

अर्थ त्यांनी एकदाच सांगितला. मांजारे म्हणजे खाणे. छावणीच्या तारेपलीकडे तिथली पोरे रिकामे डबे घेऊन उभी राहत आणि तेवढेच म्हणत. त्यात ‘लेई’ नव्हते, ‘वोलेवो’ नव्हते. कर्ता नाही, काळ नाही.

मिलानच्या खाणावळीत मी सारे रीतीने म्हटले. वाढपी आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला. यात आहे, त्यात नाही, असे त्याने बोट ठेवून सांगितले. सौभाग्यवती निर्धास्त जेवल्या. ‘हवे होते’ असे आपण म्हणू शकतो, कारण ते नाही मिळाले तरी आपले अडत नाही. ज्याचे अडते, त्याला एवढे व्याकरण परवडत नाही.

पलटणीतून घरी आल्यावर आजोबांनी दाराशी आलेल्या भुकेल्याला ‘काय पाहिजे?’ असे कधी विचारले नाही. ते आत वळून आजीला एवढेच सांगत, ‘भाकर आण.’