पबची पारख

यॉर्कशायरच्या खेड्यांतून हिंडताना आम्ही उभयता दुपारी बहुधा पबमध्येच जेवत असू. गुत्ता म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. तेथे आजी-नातवंडेही जेवावयास येतात. मेजाशी विचारावयास सहसा कोणी येत नाही. काउंटरशी जाऊन मागावे, पैसेही तेथेच द्यावेत. रांग नसते, आधी कोण आले हे वाढणाऱ्याने ध्यानात ठेवावयाचे. सेवेची पारख आम्ही यावरूनच करीत असू.

बिअरची कसोटी कठीण. तळघरातील पिंपात तिचे आंबणे चालूच असते. ती हातपंपाने ओढून सुमारे 12 अंश सेल्सिअसला, म्हणजे बेताचीच गार, देतात. उघडलेले पिंप तीनेक दिवसांत संपले नाही तर ती शिरक्यासारखी होऊ लागते. गिऱ्हाईक तुटले की बिअर बिघडते, आणि बिअर बिघडली की उरलेले गिऱ्हाईकही तुटते. एका पबात असाच पेला पुढे आला. मालकाने तो निमूटपणे बदलून दिला खरा, पण भर दुपारी सारी मेजे रिकामी होती. ही बिअर टिकावी म्हणून तिकडील ग्राहकांनी 1971 मध्ये ‘कॅम्रा’ ही संघटनाच काढली.

जेवणात रविवारचे भाजलेले मांस आणि यॉर्कशायर पुडिंग प्रसिद्ध. (हे पुडिंग गोड नसते!) मांस न खाणाऱ्यांनी ‘प्लाउमन्स लंच’ मागवावे: पाव, चीज, कांदा आणि लोणचे. चीज उत्कृष्ट, लोणचे मात्र मुरंब्याच्या वाटेने गेलेले.