पंखा एकवर

मुंबईला थंडी नसते, असं पुण्या-नाशकाकडचे पाहुणे सांगतात आणि आम्ही मुकाट ऐकून घेतो. वाद घालून उपयोग नसतो, आकडे त्यांच्या बाजूचे असतात. सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा सर्वांत खाली गेला तो २२ जानेवारी १९६२ला, ७.४ अंशांवर. ती आमची एकुलती एक मिरवण्याजोगी थंडी, आणि तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. फेब्रुवारीत पहाटे १७-१८ अंश झाले की आमच्याकडे मॉर्निंग वॉकवाले कानाला मफलर गुंडाळतात. निफाडच्या माणसाने यावर हसू नये तर काय करावं? पण हे पाहुणे येतात बहुधा दहानंतर, उन्हातून, घाम पुसत. आमची फेब्रुवारीतली थंडी तोवर आटोपलेली असते. पहाटे पाचला सुरू होते आणि साडेआठला संपते. त्या वेळात जो घरात आहे आणि ज्याला कुठली गाडी पकडायची नाही, त्याचीच ती.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, मिठागर रोडच्या बाजूला. रेल्वेपलीकडे पश्चिमेला नॅशनल पार्कचे डोंगर. अलीकडे हायवे, त्यापलीकडे मिठागरं, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. १९५७मध्ये महापालिकेची हद्द वाढली तेव्हा मुलुंड मुंबईत आलं, आणि आजही मुंबई इथेच संपते. समुद्र इथून लांब. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते खरोखर अंगावर येतात ते या दिवसांत. जमिनीवरून समुद्राकडे निघालेला कोरडा, गार वारा पहाटे खिडकीतून आत येतो, पडदे फुगवतो, आणि खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगरावरून सूर्य वर आला की हळूहळू दमतो. मग समुद्रावरून खारे वारे यायचे, पण फेब्रुवारीत ते उशीर करतात. कधीकधी दुपार उलटली तरी पत्ता नसतो. ते जितका उशीर करतील तितकं ऊन चढतं, म्हणून याच महिन्यात पारा एखाद्या दिवशी ३६-३७पर्यंतही जाऊन येतो. पहाटे चादर ओढायची आणि दुपारी ताक प्यायचं, हे इथे एकाच दिवसात होतं.

पहाटेचा तो वारा नेहमी सुगंधीच असतो असं नाही. २०१८मध्ये इथलं डम्पिंग ग्राउंड बंद होईपर्यंत तो काय काय घेऊन यायचा, ते न लिहिलेलंच बरं.

या सगळ्याचा हिशेब लागायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. बँकेत नोकरी होती तोवर स्वतःचं घर मला उजेडात दिसायचं ते फक्त रविवारी, आणि रविवार इस्त्री, दळण आणि बाजार यांतच जायचा. उपनगरात घर घेणं म्हणजे जिथे आपण फक्त झोपतो त्या जागेचे हप्ते भरणं, असं आमची एक सहकारी म्हणायची. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर पहिल्या फेब्रुवारीत लक्षात आलं की आमच्या ओट्यावर सकाळी ऊन येतं. आधी खिडकीच्या जाळीची नक्षी पडते, मग ती सरकत सरकत मिसळणाच्या डब्यावर येते. इतकी वर्षं त्याच ओट्याशी उभं राहून मी डबे भरले होते, पण तेव्हा डोळे घड्याळाकडे असायचे.

आता मला ऋतू कळतो तो स्वयंपाकघरातून. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं, त्यामुळे आमची तेलाची बाटली हा घरातला सगळ्यात प्रामाणिक तापमापक आहे. डिसेंबर-जानेवारीत ती दिवसभर पांढरी असते आणि काडी घालून तेल खरवडावं लागतं. फेब्रुवारी लागला की सकाळी घट्ट, दुपारी पातळ. मधल्या वेळी तेलात एक पांढरा ढग तरंगत असतो. तो ढग दिसला की मी रात्रीच्या विरजणाची वेळ बदलते. जानेवारीत दही लागायला इतका वेळ घेतं की भांडं चादरीत गुंडाळून ठेवावं लागतं, आणि एप्रिलमध्ये ते सकाळपर्यंत आंबून बसतं. फेब्रुवारीतलं दही मात्र सुरीने कापावं असं लागतं, आणि आंबटपणा त्याला नुसता शिवून जातो. इडलीचं पीठही या महिन्यात समजूतदार असतं. रात्री वाटून ठेवलं की सकाळी वर आलेलं, पण भांड्याबाहेर पडलेलं नाही. असं दही वर्षातून दोन-तीन आठवडेच मिळतं, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

दुपारची सत्ता आईंची, म्हणजे सासूबाईंची. त्या अलिबागकडच्या. जानेवारीपासून त्यांचं मन पोपटीत असतं. वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, भांबुर्डीचा पाला, सगळं मातीच्या मडक्यात भरून शेतात आग पेटवून भाजायचं, ही पोपटी. चौथ्या मजल्यावर आग पेटवायला सोसायटी परवानगी देत नाही. म्हणून आम्ही जाड बुडाच्या कढईत शेंगा, ओवा आणि खडेमीठ घालून वर घट्ट झाकण ठेवतो. भांबुर्डीचा पाला बाजारात शोधून मिळत नाही. आई पहिली शेंग तोंडात टाकतात आणि म्हणतात, "हे काही खरं नाही." मग ताटातल्या सगळ्या शेंगा संपवतात. दरवर्षी हेच वाक्य, आणि दरवर्षी शेंगा मात्र आदल्या वर्षीपेक्षा जास्त आणायला सांगतात.

फेब्रुवारीत पांढऱ्या कांद्याच्या माळा येऊ लागल्या की आईंचा खरा हंगाम. भात निघाल्यावर त्याच शेतात हा कांदा लावतात. सुकलेल्या पातीची वेणी घालून त्याची माळ करतात, आणि ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली की कांदा महिनोन् महिने टिकतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आईंचं मानांकन त्याहून कडक. स्टेशनबाहेर माळ घेऊन बसलेल्या माणसाला त्या आधी गाव विचारतात. कार्ले, खंडाळे अशी नावं पटापट आली तर ठीक, अडखळला तर पुढचा. मग एक कांदा हातात घेऊन त्याची मान किती बारीक आहे ते पाहतात. विकणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, माझाही होतो. घरी आल्यावर तो कांदा बुक्कीने फोडायचा, मीठ भुरभुरायचं आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खायचा. डोळ्यांत पाणी येत नाही. त्याचा गोडवा असा आहे की जेवणानंतर दुसरं गोड लागत नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांची रांग लागते, तिच्याबद्दल फार लिहीत नाही. घरातल्या सगळ्या चाळण्या, गाळणी आणि कधीच झाकण न बसणाऱ्या डब्या कुठून येतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना वाणाबद्दल सांगायची गरज नाही. समोरच्या बेन मात्र उत्तरायणाला पातेलंभर उंधियू पाठवतात, त्याची परतफेड आम्ही गुळाच्या पोळीने करतो आणि दोन्ही घरं आपण फायद्यात राहिलो असं समजतात.

आता पंख्याविषयी. आमच्या घरातला खरा फेब्रुवारी छताला टांगलेला आहे. नवऱ्याला पंखा हवा असतो आणि आईंना नको असतो. मला गरम होत नाही, पण पंख्याचा आवाज नसला की झोप येत नाही, आणि मी असं कबूल करणाऱ्या अनेक बायकांना ओळखते. त्यात डास. खाडी जवळ असल्यामुळे डासांना इथे ऋतूची अडचण नसते. त्यामुळे पंखा लावावा तर पहाटे पाय गार पडतात, आणि बंद ठेवावा तर कानाशी गुणगुण. तडजोड अशी की पंखा एकवर आणि अंगावर चादर. एकवर आमचा पंखा इतका सावकाश फिरतो की त्याची पाती मोजता येतात. वारा लागतो असं नवऱ्याला वाटतं आणि लागत नाही असं आईंना. पहाटे कोणीतरी उठून तो बंद करतं. कोण ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. पण मार्चमध्ये तो दोनवर जातो आणि मग कुणाला काही विचारायचंच उरत नाही. एसीवाल्या घरांत हे सुख नाही. तिथे रिमोट एकाच्या हातात असतो आणि आकडा सरळ भिंतीवर दिसतो, त्यामुळे दोघांनाही आपलंच खरं झालंय असं वाटण्याची सोय राहत नाही.

आंघोळीचंही असंच. गीझर सकाळी लागतो, पण दुपारी नळ सोडला तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी आपसूक कोमट येतं. म्हणून आई या महिन्यात आंघोळ बाराला करतात आणि विजेचं बिल आपण वाचवलं असं सांगतात. एप्रिलमध्ये तेच पाणी भाजतं. आत्ता मात्र ते अंगाला लावून घ्यावं असं.

दुपारी आमची इमारत या दिवसांत विलक्षण शांत असते. बारावीच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात, पाठोपाठ दहावीच्या. एकेका मजल्यावर एकेक परीक्षार्थी, त्यामुळे टीव्हीचे आवाज उतरतात आणि आवारातलं क्रिकेट गेटबाहेर जातं. या शांततेत तांबटाची टुक टुक ऐकू येते. पक्षी मुठीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, पण दिसायला महाकठीण. वठलेल्या फांदीवर बसून एकाच लयीत ठोकत राहतो. तळमजल्यावरचा मुलगा गणिताचे पेपर सोडवताना वैतागून खिडकी लावून घेतो म्हणे. मला तो ठोका आवडतो, पण माझा पेपर नाहीये.

खाली बदामाची मोठी पानं तांबडी होऊन गळतात. कचरा काढणाऱ्या मावशी ती गोळा करताना झाडाला शिव्या घालतात, त्याही रास्त आहेत. संध्याकाळी गच्चीवर गेलं तर नशीब असल्यास खाडीवरून उडणारे रोहित दिसतात. आधी नुसती काळी रेघ, मग थवा वळला की गुलाबी. ठाणे खाडीला २०१५मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर केलं आणि २०२२मध्ये ती रामसर स्थळांच्या यादीत गेली. ऐरोलीहून बोटीने त्यांना जवळून बघता येतं. पण गंमत अशी की ज्या शेवाळावर हे पक्षी जगतात, ते शेवाळ आपण खाडीत सोडलेल्या सांडपाण्यावर पोसतं. म्हणजे या सौंदर्यात आमच्या इमारतीच्या मोरीचाही वाटा आहे. पाहुण्यांना गच्चीवर नेते तेव्हा हे शेवटी सांगते.

महाशिवरात्रीला थंडी "शिव शिव" करत जाते, असं आई म्हणतात आणि त्याच आठवड्यात गोधड्या गच्चीवर नेण्याचा हुकूम सुटतो. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. किल्ली मागायला जावं तर कठड्यावर काही वाळत घालू नये हा नियम ऐकावा लागतो, आणि वर जावं तर कठड्यावर त्यांच्याच घरातल्या उशा उन्हं खात असतात. शिवरात्रीला कवठ लागतं. ते पिकलंय का हे बघायला फरशीवर टाकायचं. उसळलं तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलेलं. खालच्या मजल्यावरच्यांना दरवर्षी त्या दिवशी आमच्याकडून दोन-तीन धप्प ऐकू येतात. गर काढून गूळ, जिरं, तिखट आणि मीठ घालून चटणी केली की तिचा वास पाव दिवस हाताला राहतो.

या वर्षी कवठ आणायला गेलो तर शेजारच्याच गाडीवर गवतात मांडलेले हापूस. पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला नव्हता. ज्या वस्तूला भाव लिहिलेला नसतो ती आपल्यासाठी नसते, हे माझं मत. आईंनी तरी विचारलाच. त्याने डझनाचा आकडा सांगितला. आई हात न लावता म्हणाल्या, "शिमग्यानंतर बोलू." आणि त्याच माणसाकडून दोन कैऱ्या घेतल्या, त्याही घासाघीस न करता, हे मी प्रथमच पाहत होते.

घरी येऊन त्यांनी किसणी मागितली. कैरीचा कीस, पांढरा कांदा बारीक चिरून, गूळ, तिखट, वर हिंग-मोहरीची फोडणी. कांद्याची माळ खिळ्यावर होतीच. नवऱ्याने जेवताना तो तक्कू वाटीतून थेट चमच्याने खाल्ला आणि विचारलं, "उद्या कैरी आणू का अजून?"

"आण की," आई म्हणाल्या, "पण आधी फ्रीजमधली कवठाची चटणी संपव. आणि त्या बेनच्या उंधियूचं पातेलं अजून आपल्याकडेच आहे, ते रिकामं कसं पाठवायचं?"