गाडी ओढंना झाली

दसरा आटोपला की गॅरेजसमोर ठरलेली तक्रार घेऊन गाड्या उभ्या राहतात : "भाऊ, गाडी ओढंना झाली." बहुतेक गाड्या नवरात्रात माहूरला जाऊन आलेल्या. नांदेडहून भोकर, किनवट करत माहूर गाठेपर्यंत गाडीला त्रास नसतो. त्रास होतो तो गडाच्या चढणीवर. आत खच्चून भरलेली माणसं, पुढं गाड्यांची रांग, दर वळणाला थांबायचं आणि पुन्हा उचलायचं. अशा वेळी पुष्कळजण हँडब्रेक ओढत नाहीत; अर्ध्या क्लचवर गाडी जागच्या जागी धरून ठेवतात. इंजिनाचं फ्लायव्हील गरगरत असतं, क्लच प्लेट थांबलेली असते आणि मधे नुसती घासाघीस चालते.

"माहूरला क्लच गेला," असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. क्लच आधीच संपत आलेला असतो, गडावर तो उघडा पडतो. त्याआधी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाता-येता त्यानं कितीदा तरी सांगितलेलं असतं.

पहिली खूण टॉप गिअरमध्ये सापडते. पुढं उसाची ट्रॉली आहे, ओव्हरटेक करायला तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता. इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण वेगाचा काटा मागंच रेंगाळतो. खालच्या गिअरमध्ये गाडी चटकन पळायला लागते, म्हणून तिथं हे जाणवत नाही. टॉपमध्ये इंजिनाचा पूर्ण जोर प्लेटवर बराच वेळ राहतो आणि झिजलेली प्लेट तो न पेलता घसरते. मालकाला वाटतं, इंजिन थकलं. मग डिझेल फिल्टर बदलतो, पंप तपासतो, पैसे जातात आणि क्लच घसरतच राहतो. एवढा एक फरक लक्षात ठेवा : इंजिन अशक्त असेल तर आरपीएमही चढत नाही.

दुसरी खूण डाव्या पायाला कळते. पेडल सोडताना गाडी कुठं उचलते ते बघा. पूर्वी मध्यावर उचलणारी गाडी आता पेडल पार वर आल्यावर हलत असेल, तर प्लेट झिजली आहे. मारुती ८०० सारख्या केबलच्या गाडीत मात्र आधी केबल तपासावी. ती जास्त ताणली गेली असेल तर चांगला क्लचही घसरतो, आणि ते काम गिअरबॉक्स न उतरवता होतं.

वासाबद्दल लोक उगाच घाबरतात. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुतलं, गाडी मागंपुढं करून बाहेर काढली, तर जळका वास येणारच. थंड झाल्यावर गाडी नीट ओढत असेल तर लगेच क्लच उघडायची गरज नाही. सपाट रस्त्यावर, चारच माणसं असताना तोच वास येऊ लागला, की मात्र थांबू नये.

उलटी तक्रारही असते. क्लच घसरत नाही, पण पूर्ण सुटतही नाही. रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज होतो, पहिला गिअर अडतो. अशा वेळी, क्लच केबलऐवजी तेलावर चालणारा असेल तर, प्लेटला दोष देण्याआधी बॉनेट उघडून त्या तेलाची पातळी बघा. पुष्कळ गाड्यांत ब्रेकला आणि क्लचला तेल एकाच टाकीतून जातं. पातळी उतरली असेल तर गळती शोधणं आधी, बाकीचं नंतर.

आवाजासाठी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून ऐकावं. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. दाबल्यावर आवाज बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग बघावं लागतं. हे न ऐकता गिअरबॉक्स खाली घेणारा मेकॅनिक मला मान्य नाही. क्लचच्या कामात सगळी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्यातच असते.

घरी खात्री करायची तर सपाट, मोकळी जागा घ्या, समोर कोणी नको. हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा किंवा चौथा गिअर टाका आणि पेडल हळूहळू सोडा. क्लच धड असेल तर इंजिन तिथंच बंद पडतं. फिरत राहिलं तर प्लेट घसरते आहे. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर उरलेली प्लेटही जळेल.

घसरणाऱ्या क्लचवर आणखी महिनाभर रेटणं महागात पडतं. प्लेटचं अस्तर संपलं की खालचे रिव्हेट फ्लायव्हीलला चरे पाडतात आणि खर्च वाढतो. वेळीच आलात तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदम बदलून काम संपतं. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, मग बेअरिंगचे पैसे वाचवून तेच काम दुसऱ्यांदा कशाला काढायचं? जुनी प्लेट मागून घ्या, रिव्हेटपर्यंत किती अस्तर उरलंय ते डोळ्यांनी बघा.

आणि गाडीवाल्यांना, गॅरेजवाल्यांना दोघांनाही एक विनंती. गिअरबॉक्स उतरल्यावर आत साचलेली काळी भुकटी हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुप्फुसात गेली की तिथंच राहते आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. नव्या अस्तराची धूळही श्वासात जाऊ नये. ओल्या फडक्यानं पुसायला चार मिनिटं जास्त लागतात. गाडीखाली शिकाऊ पोरगा असतो, त्याच्यासाठी तेवढं थांबा.